गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर : आधी तपासणी, मग निर्णय



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. या अंकात विषय निराळा आहे. “ऊस विकास अधिकाऱ्याने कॅन्सरवर कशाला लिहावे?” असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्तच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतीची पदविका घेतलेली माणसे. पण गेल्या हंगामात गट ऑफिसात एक प्रसंग घडला. तो मनातून जाईना, म्हणून हे लिहीत आहोत.

दुपारच्या वेळी एक सभासद आले. ऊसबिलातून काही रक्कम आगाऊ मिळेल का, असे विचारू लागले. कारण विचारले, तर म्हणाले, “मंडळींची पिशवी काढायचीय. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढली नाही तर पुढं कॅन्सर होईल.” बाईंचे वय चौतीस. त्रास काय, तर पांढरे जाते आणि कंबर दुखते. “तपासणी कोणती केली?” आम्ही विचारले. “सोनोग्राफी केली की.” “आणि गर्भाशयाच्या तोंडाची?” यावर गृहस्थ गप्प झाले. तशी काही तपासणी असते, हेच त्यांना ठाऊक नव्हते. बाकावर बसलेला एका टोळीचा मुकादम मध्येच बोलला, “आमच्या टोळीत चौघींच्या काढल्यात साहेब. त्यात काय एवढं?”

आम्हाला तो प्रश्न सुचला, कारण तो आमच्या घरातून आलेला होता. आमच्या थोरल्या वहिनींची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती, आणि पुन्हा अंगावर लाल जाऊ लागले. लाजेपोटी त्यांनी सात-आठ महिने कोणालाच सांगितले नाही. दवाखान्यात नेले तेव्हा रोग गर्भाशयाच्या तोंडावरून आजूबाजूला पसरलेला होता. दोन वर्षांत त्या गेल्या. त्यांची त्या जागेची तपासणी उभ्या आयुष्यात एकदाही झालेली नव्हती.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका घरात रोग आहे की नाही हे न पाहताच पिशवी काढायला निघाले. दुसऱ्या घरात रोग असून कळला नाही आणि बाई गेली. दोन्हींचे मूळ एकच : तपासणी केली नाही. आणि ही तपासणी जीव वाचवते, याचा जगाने मान्य केलेला पुरावा आपल्याच मुलखातून, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतून गेला आहे. तो किती जणांना माहीत आहे?

रोग कसा होतो

गर्भाशयाचे तोंड म्हणजे पिशवीचा खालचा, चिंचोळा भाग. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख बायकांना या जागेचा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे, आणि सुमारे ऐंशी हजार बायका त्याने दगावल्या.

या रोगाचे कारण बहुतेक कॅन्सरांपेक्षा स्पष्ट आहे. ह्यूमन पॅपिलोमा नावाचा एक विषाणू आहे. त्याला थोडक्यात एचपीव्ही म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास या विषाणूचे सोळा आणि अठरा क्रमांकाचे प्रकार या कॅन्सरच्या गाठींतून शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन प्रकारांमुळेच या रोगाच्या शंभरातल्या सुमारे सत्तर केसेस होतात.

विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तो इतका सर्वत्र आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी लागतोच. पुरुषाच्या अंगात असला तरी बहुधा काही जाणवत नाही, म्हणून तो नकळत बायकोला मिळतो. तेव्हा कोणा बाईला हा विषाणू निघाला तर तिच्या वागणुकीवर बोट ठेवण्याचे काही कारण नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण घरोघरी पहिला घाव तिथेच पडतो.

विषाणू लागला म्हणजे कॅन्सर झाला, असेही नाही. बहुतेक बायकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकून लावते. थोड्या जणींत तो ठाण मांडतो. मग तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात, आणि बिघडलेल्या पेशींपासून कॅन्सर व्हायला साधारणपणे पंधरा-वीस वर्षे लागतात. शरीराची प्रतिकारशक्ती कमी असेल तर कमी वर्षे लागतात.

ऊसवाल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. काणीचा काळा चाबूक शेंड्यातून बाहेर पडतो तेव्हा आपण म्हणतो, रोग आला. खरे म्हणजे बुरशी आत केव्हाच शिरलेली असते. चाबूक दिसायची वाट पाहणारा शेतकरी उशिरा जागा होतो. बाईच्या बाबतीत अंगावर लाल जाणे हा तो चाबूक आहे. फरक एवढाच, की इथे आधीची पंधरा वर्षे आपल्या हातात असतात.

उस्मानाबादच्या खेड्यांनी जगाला काय शिकवले

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथले डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले. त्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे गट चार भागांत वाटले. एका भागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची काचपट्टीवरची म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात तपासणी केली नाही. तिथे नेहमीची आरोग्यसेवा आणि रोगाची माहिती दिली. आपण खताच्या चाचणीत एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसे. मात्र माणसे म्हणजे वाफे नव्हेत, आणि त्या चौथ्या गटाबद्दल पुढे टीकाही झाली. ती टीकाही ध्यानात ठेवली पाहिजे.

आठ वर्षे या बायकांची नोंद ठेवली. निकाल २००९ साली अमेरिकेतील एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. विषाणूची चाचणी केलेल्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात बायका कमी, ३१,४८८. पण मृत्यू ६४. पुढच्या अवस्थेला गेलेला रोग पहिल्या गटात ३९ जणींत सापडला, दुसऱ्यात ८२ जणींत. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

त्या प्रयोगात बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. आज जागतिक आरोग्य संघटना विषाणूच्या चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागे या खेड्यांतल्या बायकांची साक्ष आहे. त्यांतल्या कितीतरी घरांतून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते बाहेर पडतात. आपल्या फडात वाकलेल्या एखाद्या मावशींचे नाव त्या नोंदीत असू शकेल.

व्हिनेगरची तपासणी

विषाणूच्या चाचणीला यंत्र आणि प्रयोगशाळा लागते. ती सगळीकडे नसते. पण दुसरी एक साधी तपासणी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला तीन ते पाच टक्क्यांचे ॲसेटिक ॲसिड कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा चट्टा उठतो. हेच ॲसिड पातळ स्वरूपात म्हणजे स्वयंपाकातले व्हिनेगर. आपल्या उद्योगात मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून ॲसेटिक ॲसिड होते, हे सभासदांना वेगळे सांगायला नको. भूल नाही, टाके नाहीत, पाच-सात मिनिटांचे काम.

टाटा मेमोरियलने मुंबईतल्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून ही पद्धत वापरून पाहिली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार फेऱ्या केल्या. दीड लाख बायकांच्या या प्रयोगाचा निकाल २०१३ साली जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. उस्मानाबादेत ही पाहणी एकदाच झाली होती, मुंबईत ती पुनःपुन्हा झाली. यातून आम्ही एवढा अर्थ घेतो, की ही तपासणी करायची तर एकदा करून भागत नाही, ठरल्या काळाने करत राहावी लागते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार तिशीपुढील बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे ठरलेले आहे.

चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला, असे समजून हातपाय गाळू नयेत. चट्टा साध्या सुजेनेही उठतो. डॉक्टर पुढची खात्री करतात, लागल्यास छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पेशी नुसत्याच बिघडलेल्या असतील तर तेवढा भाग गोठवून किंवा तापलेल्या उपकरणाने शेकून नष्ट करता येतो. शेकण्याचे यंत्र हातात मावते, बॅटरीवर चालते, आणि टोक सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवून मिनिटभरात काम होते. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. पिशवी शाबूत राहते.

पिशवीचे काय

आता मुकादमाच्या त्या “त्यात काय एवढं”कडे येऊ. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, ही गोष्ट २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेली. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक. कित्येकींनी सांगितले, की “कॅन्सर होईल” असे भय घातले गेले. त्याच्या जोडीला पाळीत मोडणारा खाडा होताच. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीच नको, असे त्या बिचाऱ्यांना वाटले. हा ऊस आपला आहे. ती साखर आपली आहे. तेव्हा ही गोष्ट दुसऱ्या कोणाची, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

पिशवी काढणे हा काही आजारांवर खरा आणि आवश्यक उपचार आहे, यात शंका नाही. कॅन्सर ठरला, किंवा गाठींमुळे रक्तस्राव औषधांनी थांबतच नाही, अशा वेळी डॉक्टर सांगतील ते करावेच. पण पांढरे जाते ते बहुधा जंतूंच्या लागणीमुळे, आणि त्याला गोळ्या-औषधे आहेत. कंबर दुखते ती दिवसभर वाकून मोळ्या उचलल्यानेही दुखते. तरुणपणी पिशवी काढली, आणि तिच्याबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याच्या वयातले सारे त्रास एकदम सुरू होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. चौतिशीतली बाई चाळिशीत म्हातारी दिसू लागते. काणीचे बेट दिसले तर आपण ते बेट मुळासकट काढतो, निरोगी फडावर नांगर घालत नाही. इथे तर बेट आहे की नाही हेही पाहिलेले नसते.

रोग झालाच तर

कॅन्सर ठरला तरी आशा सोडू नये. लवकर सापडलेला रोग शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बरा होतो. पुढे गेलेल्या रोगातही अलीकडे सुधारणा झाली आहे. टाटा मेमोरियलने तिसऱ्या अवस्थेतल्या ८५० बायकांवर प्रयोग केला. निम्म्यांना नुसते किरण दिले, निम्म्यांना किरणांबरोबर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध. २०१८ साली छापलेल्या निकालाप्रमाणे पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या ४६ बायका हयात होत्या, दुसऱ्यात ५४. त्यानंतर २०२४ साली आणखी एक निकाल आला. भारतासह पाच देशांतल्या ५०० बायकांवरचा हा प्रयोग होता. नेहमीचा उपचार सुरू करण्यापूर्वी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिले, तर पाच वर्षांनी शंभरातल्या ८० हयात राहिल्या. न दिलेल्या गटात ७२. यातले एकही औषध नवे नाही. जुनीच औषधे नीट क्रमाने आणि वेळेवर दिली, एवढेच. पाण्याची पाळी तीच, पण वेळेवर दिली तर उतारा वाढतो, हे आपण जाणतोच.

किरणोपचार मात्र मध्येच सोडू नये. “बरं वाटतंय, आता तोडणी आलीय, मग बघू” असे म्हणून अर्धवट टाकलेला उपचार रोगाच्याच पथ्यावर पडतो.

मुलींसाठी लस

या विषाणूवर लस आहे. ती रोग बरा करत नाही; विषाणू अंगात शिरण्यापूर्वी द्यायची असते. म्हणून ९ ते १४ हे वय सर्वांत चांगले. किती डोस लागतात याचे उत्तरही काही अंशी आपल्याकडूनच गेले, आणि तेही योगायोगाने. २००९ साली भारतात दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करणारा प्रयोग सुरू झाला. बार्शी हे त्याच्या केंद्रांपैकी एक होते. २०१० साली वेगळ्याच कारणाने सरकारने या लसीचे प्रयोग थांबवले, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१ साली दिसून आले, की सोळा आणि अठरा या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वयाच्या मुलींना एक डोसही चालेल असे मान्य केले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस २०२३ पासून बाजारात आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही, कारण लस विषाणूच्या सर्व प्रकारांना अडवत नाही.

सभासदांनी काय करावे

१. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. त्रास नसला तरी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा, आशाताईंना विचारा.

२. विषाणूची चाचणी उपलब्ध असेल तर ती चांगली. तिच्यासाठी बाई स्वतःही नमुना घेऊ शकते. संकोच वाटणाऱ्या बायकांना हे जरूर सांगा.

३. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, घाण वास येणारे पाणी जाणे, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. हंगाम संपायची वाट पाहू नका.

४. कोणी पिशवी काढायला सांगितले, तर तीन प्रश्न विचारा : तोंडाची तपासणी झाली का? तुकडा तपासला का? औषधाने भागणार नाही का? आणि सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही.

५. कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. कागदपत्रे घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आधी जमीन गहाण टाकू नका.

६. आपल्या शेतात टोळी उतरली की तिच्यातल्या बायकांनाही हे सांगा. त्यांना दवाखान्यात जायला एक दिवस मिळाला तर ऊस काही वाळत नाही.

त्या सभासदांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही त्यांना रकमेचा अर्ज आठ दिवस थांबवायला सांगितले आणि सरकारी रुग्णालयात पाठवले. तपासणीत गर्भाशयाचे तोंड निरोगी निघाले. लागण होती, तिच्यासाठी दोघांनाही गोळ्या मिळाल्या. महिन्याने ते गृहस्थ पुन्हा गट ऑफिसात आले, ते लावणीची नोंद करायला. अर्जाचे काय, असे विचारले, तर हसून म्हणाले, “फाडला.” मग जरा थांबून म्हणाले, “मंडळी म्हणत होती, तिच्या थोरल्या बहिणीलाही घेऊन जायचंय. तिची पाळी गेलीय, तरी मधनंमधनं लाल दिसतंय म्हणे.”

आम्ही त्यांना म्हटले, नोंद उद्या करू. आधी त्यांना घेऊन जा.

— ऊस विकास अधिकारी